पहिला रकाना

अकरा मार्च, मंगळवार. विद्यापीठाच्या खिडकी क्रमांक तीनवर एक हजार दोनशे साठ भरले, पावती घेतली आणि पाचरचा अर्ज आत गेला.

पाचर ही काटेमामांची भाची. खरे नाव कागदोपत्री. लहानपणी दोन मोठी माणसे बोलत उभी राहिली की ही नेमकी मधोमध जाऊन घुसायची, म्हणून मामांनी ठेवलेले हे नाव. ते असे घट्ट बसले की तिची आईही त्याच नावाने हाक मारी. पोरगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती आणि अर्ज होता ऑनर्सचा. पहिल्या वर्षाच्या नऊशे मुलामुलींतून चोवीस निवडायचे आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांना थेट प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या हाताखाली कामाला लावायचे, अशी ती योजना. अर्ज एकदाच करता येतो. दुसरी संधी नाही.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात पाचरला तळघरात एक बंद दार दिसले होते. त्यावर ‘मापन प्रयोगशाळा’ एवढीच पाटी. आत काय आहे, असे तिने शिपायाला विचारले.

“ऑनर्सवाल्यांना विचारा,” शिपाई म्हणाला. “मला तर झाडूसुद्धा बाहेर ठेवून आत जावं लागतं.”

त्या दिवसापासून तिला त्या दाराचे वेड लागले, आणि तिच्यामुळे मामांनाही.

काटेमामा वजनकाटे दुरुस्त करत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते या दुकानात वस्तादांच्या हाताखाली आले. त्याला पस्तीस वर्षे झाली होती. वस्ताद गेले, दुकान मामांकडे आले. आठ फूट बाय अकरा. एका बाजूला किल्लीवाला, दुसऱ्या बाजूला शिंपी, आणि वरच्या मजल्यावर ताई, म्हणजे पाचरची आई. दुकानात भिंतीला ताणकाटे टांगलेले, खाली उघडून ठेवलेले मोठे काटे, आणि लाकडी पेटीत, निळ्या मखमलीत, प्रमाण वजने. त्या वजनांना उघडा हात लावायचा नाही. चिमट्यानेच उचलायची. “घामालाही वजन असतं,” असे वस्ताद म्हणत, आणि आता मामा म्हणत.

दुकानाचा दुसरा नियम वहीचा. कुठलाही काटा दुरुस्तीला आला की स्क्रू सोडायच्या आधी, धूळसुद्धा पुसायच्या आधी, त्यावर प्रमाण वजन ठेवायचे आणि काटा जे दाखवील ते पहिल्या रकान्यात लिहायचे. त्या रकान्याचे नाव ‘आला तेव्हा’. दुरुस्ती झाली की दुसऱ्या रकान्यात लिहायचे, ‘गेला तेव्हा’. पहिला रकाना खोडायचा नाही. गिऱ्हाईक रडो, भांडो, लाज वाटते म्हणो. ती काळ्या दगडावरची रेघ.

पाचर नऊ वर्षांची झाल्यापासून ती वही तिच्याच अक्षरात होती. शाळा सुटली की दप्तर वर फेकायचे आणि खाली बाकावर येऊन बसायचे. इतर मुले पाढे म्हणत होती त्या वयात ही “आला तेव्हा नऊशे ब्याऐंशी, गेला तेव्हा हजार” असे घोकत होती.

ऑनर्सचा अर्ज हाताने भरायचा होता, कारण मुलांचे अक्षर आणि आकडे पाहायचे असतात म्हणे. सोबत स्वतः केलेल्या एका कामाची तीन पानी हकिगत. पाचरने दुकानातल्याच एका रोगावर लिहिले. सोने तोलायचा बारीक काटा रोज दुपारी दोन ते पाच चुकायचा आणि सकाळी पुन्हा सुतासारखा सरळ व्हायचा. तिने अठरा दिवस दर अर्ध्या तासाने नोंदी घेतल्या आणि शोधून काढले की दुपारी शेजारच्या किल्लीवाल्याचे घासायचे यंत्र चालते, त्याची थरथर भिंतीतून बाकाच्या पायात उतरते. मग बाक भिंतीपासून चार बोटे सरकवले, पायांखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या, आणि रोग गेला.

“म्हणजे पोरगी माझ्यामुळे शिकली,” किल्लीवाला सगळ्यांना सांगायचा. “मी नसतो तर हिनं लिहिलं काय असतं?”

“तू नसतास तर काटा बरोबर असता,” मामा म्हणायचे.

एकोणीस मार्चला दुपारी दुकानातला फोन वाजला. अर्जावर पाचरने मामांचाच नंबर दिला होता. विद्यापीठातून बोलत होते. अर्जात चूक आहे, शुक्रवारी पाचच्या आत येऊन दुरुस्त करा, नाहीतर अर्ज बाद. पाचरची शुक्रवारी दिवसभर प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिच्या परीक्षेच्या तोंडावर तिला हे कशाला सांगायचे, पालकाची सही चालते म्हणतात तर आपणच जाऊन येऊ, असे मामांनी ठरवले. शुक्रवारी दुपारी दुकानात कामाचा सदरा काढून धुतलेला शर्ट घातला आणि निघाले. पाकीट सदऱ्यातच राहिले, हे बसमध्ये कळले. शर्टाच्या खिशात पन्नास होते. पंधरा तिकिटाला गेले.

विद्यापीठ मामांनी आतून कधी पाहिले नव्हते. पायऱ्याच मुळात एवढ्या रुंद की एका वेळी वीस माणसे चढतील. आत एक लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारे, आणि प्रत्येक दारावर कुठल्या ना कुठल्या विद्येचे नाव. एकेका विद्येला एकेक खोली, हे पाहून मामांनी नकळत चपला हळू टेकवायला सुरुवात केली. भिंतीवर जुन्या ऑनर्सवाल्यांचे फोटो होते, वर्षावर्षाचे, चोवीस-चोवीस जणांचे. मामा प्रत्येकासमोर थांबत गेले. सगळ्यात जुन्या फोटोतली मुले आता म्हातारी झाली असतील, कदाचित नसतीलही; पण इथे ती अजून अठरा-एकोणीस वर्षांचीच होती आणि समोर बघत होती.

खिडकी तीनवरचा कारकून चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा, शांत गृहस्थ होता. त्याने अर्ज काढून समोर ठेवला आणि एका चौकोनावर पेन्सिल टेकवली.

“हे बघा. पदार्थविज्ञानाचे गुण. एक चौकोन, एक आकडा. तुमच्या मुलीनं दोन लिहिलेत.”

“भाची,” मामा म्हणाले.

“भाचीनं. सेहेचाळीस, आणि शेजारी अठ्ठ्याऐंशी. यातले खरे कुठले?”

“दोन्ही खरे. पहिल्या सत्रात सेहेचाळीस पडले. मग सुधार परीक्षा दिली, त्यात अठ्ठ्याऐंशी.”

“मग मागच्या बाजूची सूचना वाचा. सुधार परीक्षा दिली असल्यास शेवटचे गुण लिहावेत. सेहेचाळीस कुणी विचारलेच नाहीत. आपण होऊन कशाला सांगायचं? इथं बाकीच्यांचे पंच्याण्णव, सत्त्याण्णव आहेत.” त्याने पेन पुढे केले. “खोडा, सही करा, झालं.”

मामांनी पेन घेतले. चौकोनात पाचरचे बारीक, सरळ आकडे होते. डावीकडे सेहेचाळीस, उजवीकडे अठ्ठ्याऐंशी, मध्ये वहीत असते तशी उभी रेघ. पोरीने दुकानातल्या सवयीने लिहून टाकले होते. जगात दुसऱ्या कुठल्याही घरच्या मुलाने ही चूक केली नसती.

पेन त्या सेहेचाळीसवर नेले आणि मामांचा हात थांबला. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इस्पितळातला बाळांचा वजनकाटा दुरुस्तीला आला होता. वस्ताद आजारी होते, दुकानात मामा एकटे. काटा किती चुकतो ते पाहून इस्पितळाचा माणूस घाबरला, हातापाया पडला. मामांना दया आली. त्यांनी पहिला रकाना खोडला आणि काटा नीट करून पाठवून दिला. महिन्याने एक नर्स दुकानात आली. काटा आधी किती चुकत होता, असे विचारत होती. त्या दिवसांत जन्मलेल्या बाळांच्या वजनांत तेवढी दुरुस्ती करायची होती, काहींची औषधे वजनावर ठरली होती. मामांना आकडा आठवेना. साठ ग्रॅम की नव्वद, जास्त की कमी, काहीच सांगता येईना. नर्स तशीच निघून गेली. त्या बाळांची खरी वजने पुढे कुणालाच कळली नाहीत. वस्ताद ओरडले नाहीत. ते त्या पानाकडे नुसते बघत राहिले, आणि मामांनी कानाला खडा लावला.

“घ्या ना, खोडा,” कारकून म्हणाला. “मागे रांग आहे.”

“न खोडता चालेल का?”

“न खोडता?” कारकुनाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “मग आक्षेपाचा शिक्का मारून ऑनर्सच्या मॅडमकडे जाईल. त्या बघतील ते खरं. पण कशाला उगीच?”

मामांनी पेन टेकवले. सेहेचाळीसच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिले, ‘आला तेव्हा’. अठ्ठ्याऐंशीच्या डोक्यावर लिहिले, ‘गेला तेव्हा’. खाली सही केली.

कारकुनाने वाचले. पुन्हा वाचले. “कोण आला? कुठं गेला?”

“आमच्याकडे असंच लिहितात,” मामा म्हणाले.

“बरं,” कारकून म्हणाला आणि शिक्का मारला. “दुरुस्तीचे चाळीस द्या.”

मामांच्या खिशात पस्तीस होते, त्यातले पंधरा परतीच्या बसचे. त्यांनी वीस काढून ठेवले आणि खिसे चाचपत उभे राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरले. कारकुनाने आपल्या वरच्या खिशातून वीसची नोट काढली, त्या विसांवर ठेवली आणि पावती फाडली.

“आणून द्या सवडीनं,” तो म्हणाला.

संध्याकाळी मामांनी पाचरला सगळे सांगितले. आपण धर्माचे काहीतरी केले अशा समजुतीत सांगितले. 

“मामा, तू खोडलं नाहीस?”

“नाही.”

“तो माणूस पेन हातात देत होता, आणि तू खोडलं नाहीस?”

“अगं, तूच लिहिलं होतंस.”

“सवयीनं लिहिलं! मी काय हरिश्चंद्राची अवलाद आहे? कळलं असतं तर मी स्वतः धावत जाऊन खोडलं असतं. तो माझा अर्ज होता, मामा. त्यात तुझी वही का घुसवलीस?”

 वही त्यांची होती आणि अर्ज तिचा होता, हे खरेच होते.

ताई जिन्यावरून सगळे ऐकत होती. “नाव ठेवलंस पाचर,” ती भावाला म्हणाली, “आणि पाचर मारलीस तूच.”

पुढचे काही दिवस पाचर दुकानात आली नाही. वहीत मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतले. ते त्यांनाच लागेना. दिवसभर एकच विचार मनात घोळत राही: कधीकाळी बाळांची वजने चुकली म्हणून आज या पोरीचे भविष्य तोलायला ठेवायचे, हा कुठला न्याय? किल्लीवालाही त्या दिवसांत थट्टा करेनासा झाला. एकदा तर दुपारी यंत्र बंद ठेवून नुसताच येऊन बसला.

“बोलली का?”

“नाही.”

“बोलेल. कुलूप कितीही चांगलं असू दे, उघडतंच.”

दोन एप्रिलला पत्र आले. मुलाखतीला बोलावले होते, आठ एप्रिलला सकाळी दहा वाजता, मापन प्रयोगशाळेत. खाली एक ओळ होती: काम ज्यांच्या देखरेखीखाली केले त्यांनी सोबत यावे. पाचरने पत्र दोनदा वाचले आणि मामांसमोर बाकावर ठेवले.

“तुलाही बोलावलंय,” ती म्हणाली. “इस्त्रीचा शर्ट घाल. आणि पाकीट घे.”

तळघरातले ते दार मॅडमनी स्वतः उघडले. पिकलेले, बारीक कापलेले केस, पायात कापडी बूट. आत शिरताच आधी मनगटावरची घड्याळे काढायला लावली आणि म्हणाल्या, “जरा हळू चाला. फरशीला कळतं.”

खोलीत फारसे काही नव्हते. मधोमध कंबरेएवढ्या उंचीचा काळा दगडी चौथरा होता. मामांनी खाली वाकून पाहिले. फरशी चौथऱ्यापर्यंत येऊन बोटभर आधीच थांबली होती. चौथऱ्याचा पाया वेगळा, थेट जमिनीत खोल गेलेला. माणसांची ये-जा, वरचे जिने, रस्त्यावरच्या गाड्या, कशाचाच त्याला स्पर्श नाही. मामांना ट्यूबच्या चकत्या आठवल्या आणि त्यांनी पाचरकडे पाहिले. तीही त्या बोटभर फटीकडेच बघत होती. चौथऱ्यावर काचेच्या पेटीत काटा होता, हाताच्या तळव्याएवढा.

मॅडमनी अर्ज उघडला आणि सरळ विचारले, “सेहेचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी. या दोन्हींच्या मध्ये काय दुरुस्त केलंस?”

 मामा दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

“उत्तरपत्रिकेची प्रत मागवली,” पाचर म्हणाली.  “चोपन्न गुण गेले होते. ते कुठं कुठं गेले ते वेगळं केलं. बावीस गेले एककं आणि चिन्हं चुकल्यामुळे. तेरा वेळ पुरला नाही म्हणून. एकोणीस मला येतच नव्हतं म्हणून.”

“मग?”

“जे येत नव्हतं ते शिकले. एककांसाठी एक सवय लावली, उत्तर लिहिण्याआधी एकक लिहायचं. दुसऱ्यांदा बारा गेले. ते सगळे वेळेचे. माझा हात हळू चालतो. तेवढं राहिलंय.”

“कधी जाईल?”

“माहीत नाही,” पाचर म्हणाली. “अजून मोजलं नाही.”

मामा ऐकत होते. यातले त्यांना काहीच माहीत नव्हते. आपल्या दुकानात नऊ वर्षे बाकावर बसून वही लिहिणारी ही पोरगी स्वतःलाच काट्यासारखी उघडून, एकेक स्क्रू पाहून, पुन्हा बसवून आली होती, आणि वर जिन्यावर, शेजारच्या खोलीत, कुणाला पत्ता नव्हता. चौथरा पाहून वाटले नव्हते एवढे अप्रूप मामांना त्या क्षणी तिचे वाटले.

मॅडमनी अर्ज मिटला. “हे ‘आला तेव्हा, गेला तेव्हा’ कुणाचं अक्षर?”

“माझं,” मामा उठून उभे राहिले. “चूक माझी आहे, मॅडम. तिला माहीत नव्हतं.”

“या इकडे,” मॅडम म्हणाल्या. “शर्टाला सुटलेला दोरा आहे तुमच्या. बाहीला.”

ताईने इस्त्री केली होती तरी बाहीच्या टोकाला एक दोरा निघालाच होता. मॅडमनी कात्रीने त्याचे गव्हाच्या दाण्याएवढे टोक कापले आणि चिमटा मामांच्या हातात दिला. मामांनी तो तुकडा काचेच्या पेटीत, त्या तळव्याएवढ्या काट्यावर ठेवला. पस्तीस वर्षांत त्यांचा हात कधी एवढा जपून चालला नव्हता. पेटी बंद झाली. तिघे थांबले. मिनिट गेले, दोन गेली. आकडे धावत होते, मग चालू लागले, मग उभे राहिले: एकशे चार. शेवटचा चार मात्र जाग्यावर राहीना. पाच होई, पुन्हा चार होई.

“एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा,” मॅडम म्हणाल्या. “त्यातला एक भाग म्हणजे हा शेवटचा आकडा.”

“आणि तो हलतोय कशानं?”

“आपण तिघं उभे आहोत ना. आपल्या अंगाच्या उबेनं.”

मामा एक पाऊल मागे सरले. आकडा चारवर थांबला.

मामांच्या दुकानातला सगळ्यात बारीक काटा ग्रॅमचे शंभर भाग दाखवी, आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. जगात यापुढेही काही आहे हे त्यांना ऐकून माहीत होते. पण आपण एक पाऊल मागे गेल्याची नोंद ठेवणारी वस्तू त्यांनी आज पाहिली. 

मॅडमनी चौथऱ्याशेजारची वही उघडली. सकाळी आठची नोंद होती, काट्याला कुणी हात लावण्यापूर्वीची. डावीकडे एक आकडा, मध्ये उभी रेघ, उजवीकडे दुसरा, काटा नीट केल्यानंतरचा. डावीकडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकही खाडाखोड नव्हती. त्यांनी मागची पाने चाळली. अक्षरे बदलत गेली, शाई बदलत गेली. रकाने तेच राहिले. सगळ्यात मागच्या पानावरचे साल मामांच्या जन्माच्या आधीचे होते.

“तुम्हाला कुणी शिकवलं?” मॅडमनी विचारले.

“वस्तादांनी.”

“त्यांना?”

“विचारायचं राहिलं,” मामा म्हणाले.

मॅडमनी वही मिटली. “यादी बावीस तारखेला लागेल.”

बाहेर आल्यावर दोघे त्या लांब बोळातून चालले. फोटोंपाशी आल्यावर पाचर म्हणाली, “मामा, आठ वाजता येऊन पहिली नोंद कोण घेत असेल?”

“मुलंच घेत असतील. ऑनर्सची.”

“हं,” पाचर म्हणाली. मग थोड्या वेळाने, “तुझं अक्षर वहीत फार घाण आलंय. उद्यापासून मी लिहिते.”

 मग मामा खिडकी तीनवर वीस द्यायला गेले. चष्मेवाला कारकून रजेवर होता. त्याच्या जागी बसलेल्या बाई म्हणाल्या, “मी कशी घेऊ? पावती कशाची फाडू?”

बावीस एप्रिलला यादी लागली. चोवीस नावे होती. पाचरचे नाव एकोणिसावे. किल्लीवाल्याने यंत्र बंद करून सगळ्या गल्लीला सांगितले, आणि ताईने भावाच्या बाहीचा तो दोरा शिवून टाकला. मामा यादी वाचायला स्वतः गेले होते. तळघराच्या दारासमोर थोडा वेळ उभे राहिले, हळू, फरशीला कळू नये असे.

चष्मेवाल्या कारकुनाची तोवर परीक्षा विभागात बदली झाली होती. ती इमारत दुसऱ्या टोकाला आहे आणि चारला बंद होते. त्याचे वीस द्यायचे राहिले आहेत.